म्हाताऱ्याच्या नावाची गाय

आमच्या डोंगरात माणूस गेलं की भेटायला आलेले लोक आधी घराकडे बघतात आणि मग गुरांच्या वाडग्याकडे. घराकडे बघतात ते दुःख किती आहे ते कळायला, आणि वाडग्याकडे बघतात ते शनिवारी ताटात काय पडणार ते कळायला. मोखेले म्हातारा गेल्याची बातमी खोऱ्यात पसरली आणि बुधवार दुपारपर्यंत अर्धं गाव त्याच्या वाडग्याच्या दगडी भिंतीवर कोपरं टेकून गेलं. आत एकच जनावर होतं. तांबडी, पोटाखाली पांढरी, थामाहा नावाची दुभती गाय.

सून मामोसिदी अंगणातल्या चुलीवर मक्याचा घाटा घोटत हे सगळं बघत होती. म्हाताऱ्याचा धाकटा भाऊ थूसो वाडग्यात शिरला, त्याने गाईच्या पुठ्ठ्यावर थाप मारली आणि दोन पावलं मागे सरून मान तिरकी करून तिला न्याहाळलं. जनावराकडे माणूस असं दोनदाच बघतो, घेताना आणि कापताना. थूसो काही घ्यायला आलेला नव्हता. मामोसिदीच्या हातातली काठी थांबली आणि घाटा खाली लागला, तेव्हा बाकीच्या बायकांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

मरणाला जनावर लागतंच, त्याबद्दल आमच्यात दुमत नाही. गेलेल्या माणसाबरोबर चालायला एक जनावर द्यावं लागतं, त्याला मोहोहा म्हणतात. ते दिलं नाही तर तो पूर्वजांच्या दारात एकटा, रिकाम्या हातांनी उभा राहतो, आणि मागे राहिलेल्यांचं काही धड होत नाही. म्हणजे जनावर द्यायचं की नाही, हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो गाय कुणाची हा, आणि तो कुणी विचारत नव्हतं.

गाय मामोसिदीची होती. हे तिला ठाऊक होतं, तिच्या नवऱ्याला लेबुसाला ठाऊक होतं आणि सासूला ठाऊक होतं. म्हाताऱ्यालाही ठाऊक होतं, पण शेवटच्या वर्षात तो ते विसरला होता, आणि मला विचाराल तर सुखाने विसरला होता.

लेक मोसिदी रांगायला लागली तेव्हा मामोसिदी तिला सासूच्या पदरात टाकून सीमेपलीकडे जोहान्सबर्गला गेली, एका घरी मोलकरीण म्हणून. तिथली दोन मुलं तिने लहानाची मोठी केली. स्वतःची मुलगी दर नाताळात थोडी थोडी बघितली. एका नाताळात ती पिशव्या घेऊन अंगणात आली, तर पोर आजीच्या मागे लपली आणि म्हणाली, "म्मे, ती आउसी आली बघ." म्मे म्हणजे आई, आणि आउसी म्हणजे ताई. आजी सांभाळते ती आई, आणि सणाला कपडे घेऊन येते ती ताई. पोरीचं काही चुकलं नव्हतं. आमच्या खोऱ्यात अशी कितीतरी पोरं आहेत.

त्याच आठवड्यात मामोसिदीने नवऱ्याला सांगितलं की मी आता परत जात नाही, दगड खाऊन राहू पण जात नाही. लेबुसाच्या छातीत खाणीची धूळ बसलेली, त्याला पलीकडे कुणी उभं करत नव्हतं. गावातल्या घरांना दगड घडवून जे मिळेल ते त्याचं. तेव्हा तिने साठवलेल्या पैशांचे पत्रे घेतले नाहीत, कपाट घेतलं नाही, थामाहा घेतली. पण सुनेची गाय सासऱ्याच्या वाडग्यात तिच्या नावाने कशी उभी राहणार? सुनेने तर वाडग्यात पाऊलही टाकायचं नसतं. तिने गुडघे टेकून सासऱ्याला सांगितलं, "घरातल्या मोठ्यांसाठी आणलीय. तुमचीच म्हणा."

म्हाताऱ्याची जनावरं चोरांनी नेल्यापासून वाडगं ओस पडलेलं होतं, आणि तो रोज भिंतीवर बसून त्या ओस जागेकडे बघत असे. त्या दिवशी त्याने सुनेसमोर डोळे पुसले, जे आमच्यातला सासरा करत नाही. दुसऱ्या दिवसापासून तो बिअरच्या बैठकीत "माझी गाय, माझी गाय" करू लागला. मामोसिदीला बरं वाटे. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि आपल्या मुठीत सासऱ्याची अब्रू झाकलेली आहे याचं तिला कौतुकच होतं. एवढी शहाणी बाई, पण आदर करताना माणूस हात राखून करत नाही, तिथेच तिची चूक झाली.

त्या एका गाईवर ते घर उभं राहिलं. दूध पोरीला, उरलेलं शिक्षिकेच्या घरी, त्याच्या बदल्यात शाळेची फी. शेण लेबुसा भिंतीवरून बाहेर टाकी आणि मामोसिदी त्याच्या गोवऱ्या थापी, म्हणून रॉकेल नको. शेजाऱ्याच्या बैलाशेजारी थामाहाला जुंपायचं, म्हणून नांगराचं भाडं नको. साखर बंद झाली, रेडिओचे सेल बंद झाले, मांस लोकांच्या लग्नात खायचं. रानभाजी वाळवून ती पुढच्या भाजीपर्यंत पुरवायची. मोलकरणीचा निळा झगा होता, तो उसवून पोरीचा शाळेचा पोशाख शिवला. लोक हसले. आणि वर्षभराने एकदा ताप आला असताना मोसिदीने झोपेत हाक मारली ती "म्मे" अशी, आणि तेव्हा आजी शेजारी नव्हती, आईच होती. त्या एका हाकेसाठी हे सगळं चाललं होतं. गाय गेली तर ते सगळं जाणार, हे मामोसिदीला थूसोच्या त्या एका थापेत समजलं.

तिने नवऱ्याला घराच्या मागे गाठलं. तो कबरीसाठी दगड निवडत होता.

"न्ताते," ती म्हणाली, नवऱ्याला आमच्यात असंच आदराने म्हणतात, "काका गाय बघून गेले."

"बघितलं मी."

"तुम्ही बोलणार ना? मला त्या बैठकीत यायची सोय नाही. तुम्हालाच बोलावं लागेल."

लेबुसाने हातातला दगड फिरवून फिरवून पाहिला. मग म्हणाला की हो, बोलतो. तिने पुन्हा विचारलं, तेव्हा त्याने तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "गाय तुझी आहे, हे मी सांगतो. त्यांना दुसरं काहीतरी बघू दे." तेव्हा त्याच्या मनात खरंच तसं होतं. लेबुसा खोटं बोलणारा माणूस नाही, फक्त खरं बोलताना त्याला फार वेळ लागतो.

पुरुष वाडग्याच्या आडोशाला उन्हात बसले होते, घोंगड्या गळ्यापर्यंत ओढून. समोरच्या डोंगरांवर बर्फ होतं. थूसोने सुरुवातच अशी केली की लेबुसाच्या घशात तयार असलेलं वाक्य तिथेच बसलं.

"भावाने मला महिन्यापूर्वी बोलावून घेतलं," थूसो म्हणाला. "म्हणाला, मी गेलो की पोरांवर बोजा टाकू नका. कर्ज काढून बैल आणू नका, ती बिचारी आधीच पोटाला चिमटा घेऊन राहतायत. माझी गाय आहे, ती माझ्याबरोबर द्या. असा माणूस. मरतानासुद्धा काटकसर."

बसलेल्या लोकांनी माना हलवल्या. एक म्हातारा म्हणाला की आजकालची पोरं बापाच्या मढ्यावर कर्ज चढवतात, आणि हा बाप बघा. दुसरा म्हणाला की मोखेले गरीब झाला पण वाडगं रिकामं ठेवून गेला नाही. सगळे लेबुसाकडे बघत होते, आणि त्या नजरांमध्ये त्याच्या बापाबद्दल असा मान होता जो बाप जिवंत असताना त्याने कधी पाहिला नव्हता. आता तोंड उघडायचं म्हणजे म्हणायचं, माझ्या बापाकडे गाय नव्हती. तो तुम्हाला इतकी वर्षं थापा मारत होता. माझ्या बायकोच्या मोलकरणीच्या पैशांवर तो मोठेपणा करत होता. बापाला अजून मातीसुद्धा दिली नव्हती.

तो बोलला, पण भलतंच बोलला.

"काका, बाईमाणसाला गाय देतात. पुरुषाबरोबर बैल द्यायचा असतो ना?"

थूसोने त्याच्याकडे प्रेमानेच पाहिलं. "बरोबर बोललास पोरा. जा, वाडग्यातून बैल घेऊन ये. मी थांबतो."

लोक हसले. मरणाच्या घरीसुद्धा लोक हसतात, आणि त्यात वाईट काही नसतं. लेबुसाही हसला. "तुमच्याकडचा एखादा बैल..." असं त्याने पुढे काही पुटपुटलं, पण थूसो म्हणाला की भावाचा शब्द मोडून मी माझा बैल कापला तर लोक म्हणतील, थूसोने भावाच्या मरणात स्वतःचं नाव मोठं केलं. तेही खोटं नव्हतं. शुक्रवारी सकाळी गाय कापायची असं ठरलं आणि मग बोलणं शवपेटीकडे वळलं. बैठक उठल्यावर लेबुसा बायकोकडे गेलाच नाही. तो परत दगड निवडायला गेला, आणि मामोसिदीला बातमी कळली ती पाणी मागायला आलेल्या एका माणसाकडून.

तिच्या शेजारी बीट सोलत बसली होती तिची नणंद. लेबुसाची ही धाकटी बहीण मासेरू शहरातल्या कारखान्यात परदेशी जाणाऱ्या विजारींचे खिसे शिवते. मोसिदीची आत्या म्हणून घरातले सगळे तिला राखादीच म्हणतात, आणि घरातल्या कार्यात आमच्याकडे आत्याच्या शब्दाला भारी वजन असतं. राखादी सकाळपासून टोमणे मारत होती. कुणी दहा दहा तास मशीनवर उभं राहावं आणि कुणी घरी बसून पोरीच्या वेण्या घालाव्यात, ज्याचं त्याचं नशीब, असं ती दोनदा म्हणून झाली होती. आताही म्हणाली, "चला, बापाने स्वतःची सोय स्वतः केली. काही लोकांना बरंच झालं."

मामोसिदीने सुरी खाली ठेवली. इतकी वर्षं जे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, ते तिने शांतपणे, भाजी निवडल्यासारखं सांगून टाकलं. गाय कुठल्या पैशांची, वाडग्यात कशी गेली, कुणाच्या तोंडाने सासऱ्याची झाली. सासऱ्याचं नाव तिने तेव्हाही घेतलं नाही. सुनेने ते घ्यायचं नसतं, म्हणून ती "घरातले मोठे" एवढंच म्हणत राहिली.

राखादीने सगळं ऐकलं. तिचे हात बिटाने लाल झाले होते. तिला स्वतःचा मुलगा आठवला. तो सासरी दिराकडे वाढला, आता तिचा फोन उचलत नाही, आणि उचलला तर "बोला" म्हणतो, परक्यासारखं. ती या वहिनीवर इतकी वर्षं का जळत होती ते तिला त्या क्षणी कळलं. वहिनी घरी बसते म्हणून नव्हे. आपण बसलो नाही म्हणून.

"चल," ती उठत म्हणाली. "म्मेला विचारते. ती हो म्हणाली तर मी स्वतः काकांसमोर उभी राहते. आत्या आहे मी या घरची."

घरातलं सामान बाहेर काढून खोली मोकळी केली होती आणि जमिनीवर गादी टाकून त्यावर सासू मालेबुसा बसली होती, घोंगडी डोक्यावरून घेऊन, भिंतीकडे तोंड करून. विधवा अशीच बसते. सोबतीच्या बायकांना राखादीने काहीतरी काम सांगून बाहेर काढलं. सून उंबऱ्यापाशीच थांबली.

"म्मे, थामाहा हिची आहे म्हणते. खरं आहे?"

म्हातारीने डोक्यावरची घोंगडी सारखी केली. मग म्हणाली, "खरं आहे."

राखादीने सुटकेचा श्वास सोडला. पण म्हातारीचं संपलं नव्हतं.

"आणि बाहेर कुणी मला विचारलं, तर मी म्हणेन माझ्या नवऱ्याची. तू काकांना जाऊन सांगितलंस, तर मी सगळ्यांदेखत म्हणेन की माझी मुलगी खोटं बोलते." तिचा आवाज चढला नाही. "ऐक. चोरी झाल्यावर तो माणूस त्या भिंतीवर बसायचा. जेवायला बोलावलं तरी उठायचा नाही. मी घाबरायची, एक दिवस हा दोर घेऊन जाईल म्हणून. ही गाय आली आणि तो परत माणसांत आला. हिनेच आणला, मी कधी विसरले नाही. पण त्याला शनिवारी भिकारी करून पुरायचं? सगळं गाव कबरीवर हसत माती टाकणार? मी जिवंत असेपर्यंत नाही."

"आणि ही?" राखादीने विचारलं. "हिने काय करायचं?"

मालेबुसाने पहिल्यांदाच मान वळवून सुनेकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, माया होती, आणि त्यानेच मामोसिदीचा धीर सुटला.

"पोरीची काळजी करू नकोस," सासू म्हणाली. "मी आहे ना. आधी सांभाळली होती, परत सांभाळीन. तिला माझी सवय आहे."

राखादी आपल्या आईला जन्मापासून ओळखते. आईच्या त्या वाक्यात दुःखाबरोबर आणखीही काही होतं. चार दिवसांपूर्वी जिचा नवरा गेला आणि तीन वर्षांपूर्वी जिच्या तोंडासमोरून "म्मे" ही हाक दुसरीकडे वळली, ती बाई हे बोलत होती, आणि रिकाम्या होणाऱ्या घरात तिलाही कुणीतरी हवं होतं. राखादीला आईची चीड आली आणि कीवही आली. आपलेच दात, आपलेच ओठ. ती बाहेर आली. काकांसमोर ती उभी राहिली नाही. वहिनीजवळून जाताना तिने एवढंच विचारलं की मासेरूला कारखान्यात येतेस का, आणि लगेच स्वतःच म्हणाली, "पण तिथे रोज दरवाज्यावर बायकांची रांग असते. नको. तुझी ती जोहान्सबर्गची जुनी बाईच बरी."

शुक्रवारी थामाहाला वाडग्याबाहेर आणलं तेव्हा मामोसिदी तिच्या पहिल्यांदाच इतक्या जवळ उभी राहिली. गाय लेबुसाने धरली होती. घरच्या मुलानेच धरायची असते. त्याने बायकोकडे बघितलं नाही, आणि तिनेही त्याला हाक मारली नाही. त्याच्यावर ओरडावं, त्याची घोंगडी फाडावी असं तिला वाटत होतं, आणि त्याच वेळी वाटत होतं की याच्या जागी मी असते तरी माझ्याकडून बोलवलं नसतं. हे तिला सगळ्यात जास्त लागलं.

शनिवारी मोखेलेला माती दिली. थूसो कबरीवर बोलला, आणि म्हाताऱ्याने कुणावर बोजा टाकला नाही हे त्याने दोनदा सांगितलं. परत आल्यावर लोकांनी हात धुतले आणि मांस वाढलं. मोहोहाचं मांस मिठाशिवाय शिजवतात, ती रीतच आहे. कढईत काठी फिरवणं सुनेचं काम, तेही तिने केलं. लोक समाधानाने जेवले. दुभत्या गाईचं मांस मऊ असतं असं कुणीतरी म्हणालं. मोसिदीच्या वाटीत राखादीने चांगला तुकडा घातला होता. पोरीने तो तोंडात धरला, कितीतरी वेळ तसाच धरला, मग कुणाचं लक्ष नाही असं बघून भिंतीपलीकडे टाकून दिला.

रविवारी पाहुणे गेले. सोमवारी लेबुसा दगडाच्या कामावर गेला. जाताना तो दारात थांबला आणि "मी..." म्हणाला. मामोसिदी म्हणाली, "जा, उशीर होईल." आधीच्या दुपारी तिने टेकडीवर चढून जुन्या बाईला फोन केला होता. बाई खूश झाली होती. मुलं मोठी झालीत पण घर आवरायला माणूस हवंच होतं, ये म्हणाली, बुधवारपर्यंत ये.

ती पिशवी भरत होती. भरायला फारसं नव्हतं. तेवढ्यात मोसिदी शाळेतून आली. निळा पोशाख तिने अंगातून काढला, नीट घडी केली, कोपऱ्यात ठेवली. मग आईच्या अंथरुणाशेजारचं आपलं अंथरूण गुंडाळून उचललं आणि दाराकडे निघाली.

"कुठे नेतेस?"

"आजीच्या खोलीत. ती एकटी आहे." मग पोर थोडी थांबली. ती नऊ वर्षांची, पण तिला सगळं आधीच कळलेलं होतं. आमच्याकडची पोरं अशा बाबतीत आईबापांपेक्षा हुशार असतात. तिने आईकडे न बघता, अंथरुणाची सुटलेली कड आत खोचत विचारलं, "आउसी, तू उद्याच निघणार ना?"

याआधी हा शब्द तिच्या तोंडून आला की मामोसिदी तिला जवळ ओढायची आणि म्हणायची, आउसी नाही गं, म्मे म्हण. शंभर वेळा म्हणाली असेल. पोर वैतागायची, पण म्हणायची. आताही मामोसिदीने तोंड उघडलं. समोर पोर उभी होती, दोन्ही हातांनी अंथरूण छातीशी धरून, ओठ घट्ट मिटून. ती रागावलेली नव्हती. ती सवय करून घेत होती, मोठ्या कष्टाने आणि एकटीने. ती सवय मोडली तर उद्यापासून तिने काय करायचं?

"हो," मामोसिदी म्हणाली. "उद्या सकाळी."

मोसिदीने मान हलवली आणि ती आजीच्या खोलीकडे गेली. वाडग्याचं दार उघडंच होतं. बंद करावं असं कुणाला वाटलं नव्हतं.